पाण्याची चव : गोड

झिंज, बहारीन
१४ जानेवारी १९८४, शनिवार

मॅगी,

'प्रिय' लिहायला पेन टेकलं होतं, उचललं. तू जे केलंस त्यानंतर ते माझ्याच्याने लिहवत नाही.

काल शुक्रवारचा मिस्सा संपल्यावर पॉलकाकांनी मला चर्चच्या हॉलमागे नेलं आणि तुझं पत्र हातात ठेवलं. आमच्या इथल्या पालेवाडी मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनाच लिहिलेलं, तीन पानी, तुझ्या त्या मास्तरणीच्या अक्षरात. 'धाकट्या आळीतल्या नळांचं पाणी मचूळ आहे, आणि तुमचे तपासनीस सुट्टीवर येतात ते न बघता सह्या ठोकून जातात.' शेवटच्या तपासणीवर सही कोणाची आहे, मॅगी? तुझ्या सख्ख्या भावाची. पॉलकाका रागाने एक शब्द बोलले नाहीत. "घरातलं घरात मिटव, इलायस," एवढंच म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. या माणसाने त्र्याहत्तर साली मला व्हिसा काढून दिला, नोकरीला लावलं. आजही आमच्या कंपनीचं ऑफिस तेच सांभाळतात. त्यांच्यासमोर तू माझं नाक कापलंस.

आमची पद्धत तुला माहीत नसेल तर ऐक. पालेवाडीची चाळीसेक माणसं आम्ही या बेटावर आहोत. गावात नळयोजना केली, तेव्हा ती नीट चालते का हे बघायला पगारी माणूस ठेवायचा नाही, आपणच बघायचं, असं एक्क्याऐंशी साली ठरलं. म्हणून सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण एक फॉर्म घेऊन जातो. एकोणीस प्रश्न. टाकी गळते का, पंप किती तास चालतो, पाणी किती वाजता येतं. बारावा प्रश्न, पाण्याची चव: गोड, मचूळ, खारट. तिन्हीपैकी एकावर खूण करायची. हा फॉर्म मी केलाय, ऑफिसच्या टाइपरायटरवर, तीन शुक्रवार घालवून. वर्षातून मिळणाऱ्या तीस दिवसांतला एक दिवस प्रत्येकाने फुकट गावाला दिला. नाताळाच्या दिवसांत, पाहुणेरावळे सोडून. तीन वर्षांत अकरा जण तपासणी करून आले आणि अकराही जणांनी 'गोड'वर खूण केली. अकरा जण खोटारडे आणि तू एकटी खरी?

मी सहाच्या सहा नळांवर गेलो. ओंजळ धरून पाणी प्यालो. गोड होतं. ऐकीव लिहिलेलं नाही, माझ्या जिभेने चाखलंय. तुला काही म्हणायचंच होतं तर तीन आठवडे मी घरात होतो. तेव्हा तोंडावर बोलली नाहीस, आणि मी इथे पोचायच्या आत तुझं पत्र अध्यक्षांच्या खिशात!

६ एप्रिलला मंडळाची मोठी मिटिंग आहे. थोरल्या आळीची योजना त्यात पास व्हायची आहे. धाकट्या आळीसारखीच: बावखल भरून काढायचं, त्यावर टाकी, शेजारी हॉल, आळीभर नळ. आजोबांच्या काळी केळीच्या बागा शिंपायला खणलेली ती तळी आता हवीत कशाला? डास पोसायला? तुझ्या एका पत्राने हे अडलं तर गाव तुला माफ करणार नाही.

पॉलकाकांना माफीचं पत्र लिही. दोन ओळी पुरतील.

इलायस


झिंज
११ फेब्रुवारी १९८४

मॅगी,

माफीच्या दोन ओळी मागितल्या तर तू मलाच सात पानं पाठवलीस. वर्गातल्या पोरांना समजावल्यासारखी.

तुझं म्हणणं मला समजलं, मी काही अडाणी नाही. एक्क्याऐंशीत धाकट्या आळीतलं बावखल बुजवलं, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाजूच्या विहिरी मचूळ झाल्या आणि आपल्या योजनेची बोअरही. पावसाचं पाणी त्या तळ्यात साठून जमिनीत मुरत होतं, म्हणून समुद्राचं खारं पाणी आत शिरत नव्हतं. आता अख्खा गाव थोरल्या आळीच्या बावखलाशेजारच्या एका विहिरीवर जगतो. ते बावखलही भरलं तर गावात प्यायला थेंब राहणार नाही. असंच ना? हे तुला कोणी सांगितलं? कोण इंजिनिअर आहे तुमच्यात? आमच्याकडे योजनेचा नकाशा आहे, शिक्का मारलेला.

आणि आईला यात आणू नकोस. आई सहासष्ट वर्षांची आहे. ती रोज सकाळी कळशी घेऊन थोरल्या आळीत दोन खेपा घालते असं तू लिहितेस. मी तीन आठवडे त्या घरात झोपलो, जेवलो, मला एकदाही दिसली नाही. आता मी आठच्या पुढे उठत होतो हे खरं आहे. वर्षभर पाचला उठणारा माणूस सुट्टीत झोपणार नाही तर काय करणार?

सहा नळांचंही तू खुसपट काढलंस. तुला कोणी सांगितलं माहीत नाही. टाकीजवळच्या दोन नळांवर मी गेलो. पुढचे चार त्याच पाइपावर आहेत, त्यांना काय वेगळं पाणी येणार आहे? दुपारी जेवणाचं आमंत्रण होतं, लोक खोळंबले होते. पण त्या दोन नळांचं पाणी मी प्यालो, आणि ते गोड होतं. बायबलवर हात ठेवून सांगतो. उलट आपल्या घरच्या माठातल्या पाण्यालाच काही चव नव्हती. मी आईला तसं म्हणालोही. विचार तिला.

मला पुन्हा लिहायचं तर नीट लिही. नाहीतर लिहू नकोस.

इलायस


झिंज
३ मार्च १९८४

मॅगी,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

तुझ्या हाताखाली शिकलेली पॅट्रिशिया, धाकट्या आळीतली, इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागलीय. तिच्याबरोबर आईने मसाल्याची बाटली आणि सुके बोंबील पाठवले होते, ते द्यायला ती काल खोलीवर आली. माझ्याबरोबर राहतो तो अँब्रोज हॉटेलात स्वयंपाकी आहे, तुला माहीत आहे. गेल्या वर्षी तपासणी करून आलेल्यांत तोही होता. त्याने भात आणि माशाची आमटी केली होती. मी पोरीला पाण्याचा ग्लास दिला. तिने एक घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून बसली. मग कसाबसा गिळला.

"काका, तुम्ही हे पिता?" म्हणाली. "आमच्या होस्टेलला कॅनचं गोडं पाणी येतं. नळाचं आम्ही कपडे धुवायला वापरतो."

अँब्रोज म्हणाला, "अगं, हे फर्स्ट क्लास पाणी आहे. मी आलो तेव्हा याहून बेकार होतं. सवय होते, मफी मुश्किल, काही अडत नाही."

ती म्हणाली, "आमच्या आळीच्या नळाला अगदी असंच येतं."

मी म्हणालो, "तेच तर. म्हणजे गोड."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायची थांबली. जेवताना तिने विचारलं, "अँब्रोजकाका, भातात मीठ घालायला विसरलात काय?" अँब्रोज म्हणाला, "इथे भाताला मीठ लागतच नाही." हे तो अकरा वर्षं म्हणतोय आणि अकरा वर्षं मी तो भात खातोय. का लागत नाही, हे आम्हा दोघांपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

दारावर कॅनचं गोडं पाणी इथेही येतं. सुरुवातीला आम्ही घ्यायचो. मग चहापुरतं घ्यायला लागलो, मग तेही सोडलं. सगळ्याच सड्या माणसांनी सोडलं. आणि हीच माणसं गावी जाऊन पाण्याची चव ठरवतात. बारावा प्रश्न मी लिहिला, मॅगी! उत्तर देणाऱ्याच्या जिभेचं काय झालंय हे विचारायला विसाव्या प्रश्नाची जागाच ठेवली नाही. माणसाने गाढव असावं, पण इतकं?

आणि माठातलं पाणी. त्याला चव नाही असं मी म्हणालो तेव्हा आई नुसती हसली होती. दोन खेपा घालून, गुडघे धरून आणलेलं पाणी, आणि बहारीनचा मुलगा पाय पसरून म्हणतो, काही चव नाही. तिने मला कळशी फेकून का मारली नाही? तू का नाही मारलीस? मला तुमच्या दोघींचा राग येतोय. माझा त्याहून जास्त येतोय, पण तो कुठे काढू? अँब्रोजवर काढला. तो बिचारा काल संध्याकाळी न जेवता ड्युटीवर गेला.

तू बोलली होतीस. एकतीस डिसेंबरला, जेवायला बसलो होतो तेव्हा. 'दादा, पुढच्या नळांवर ये ना माझ्याबरोबर,' असं म्हणालीस. मी म्हणालो, पाहुण्यांसमोर नाटकं करू नकोस. तू ताट उचलून आत गेलीस आणि मी निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. पहिल्या पत्रात मी उलटं लिहिलं. मुद्दाम लिहिलं.

आता एक काम कर. अँब्रोजचा मेव्हणा वीस तारखेच्या सुमारास इकडे यायला निघेल. त्याच्याकडे दोन बाटल्या दे. एकीत नळाचं पाणी, दुसरीत थोरल्या आळीच्या विहिरीचं. नाव बाहेर लिहू नकोस. बुचाच्या आत कागद चिकटव.

इलायस


झिंज
३१ मार्च १९८४

मॅगी,

बाटल्या आल्या. एकही फुटली नाही.

सोमवारी दोन ग्लासांत ओतून आम्ही दोघं बसलो. मला वाटलं होतं, आता मला कळतंय, तर जिभेलाही कळेल. मी डावा ग्लास गोड म्हटला. अँब्रोजनेही डावाच. बूच उलटून कागद बघितला तर डावा नळाचा.

मग मी पॅट्रिशियाकडे दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पाणी दिलं. तिच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये नजीब म्हणून आपला रत्नागिरीचा मुलगा आहे, त्याने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत तपासून दिलं. विहिरीच्या पाण्याच्या सातपट मीठ नळाच्या पाण्यात. चिठ्ठीवर त्याने आकडे लिहिले आणि खाली, 'इलायसभाय, हे लहान मुलांना पाजू नका.' आळीतली मुलं दोन वर्षं पितायत ते. ज्यांच्या घरी खेपा घालायला माणूस आहे त्यांची सुटली. बाकीच्यांनी काय करायचं होतं, हे आम्हा अकरा जणांपैकी कोणी विचारलं नाही. फॉर्ममध्ये प्रश्न नव्हता ना.

चिठ्ठी घेऊन मी पॉलकाकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचली. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. म्हणाले, "बाळा, सगळं ठरलंय. ईस्टरनंतरच्या सोमवारी मातीचे ट्रक येणार. हॉलच्या पायाभरणीला मोठे फादर येतायत. आता तू एक बाटली घेऊन आलास तर लोक काय म्हणतील? आपल्याच माणसांची तपासणी आपणच खोटी पाडायची?" मी म्हणालो, खोटीच आहे. ते म्हणाले, "चुकीची असेल. खोटी म्हणू नकोस. पोरांनी प्रेमाने केलीय."

खरं आहे, प्रेमानेच केलीय. कोणी एक दमडी खाल्ली असती तर मी त्याची गचांडी धरली असती. इथे कोणी काही खाल्लेलं नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने एक तळं बुजवलं आणि आता दुसरं बुजवायला निघालेत. कोणाला शिवी द्यावी?

निघताना ते म्हणाले, "तुझ्या व्हिसाचं रिन्यूअल मे महिन्यात आहे ना? बघू या, इंशाल्ला." आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतात. ते धमकी देत नव्हते, तसे ते नाहीत. पण जिना उतरताना मी मेपर्यंतचे आठवडे मोजत होतो. मला भीती वाटते, मॅगी. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथून गेलो तर चाळिशीला टेकलेल्या स्टोअरच्या कारकुनाला गावात कोण विचारणार?

तरी शुक्रवारच्या मिटिंगमध्ये मी बोलणार आहे.

इलायस


झिंज
७ एप्रिल १९८४, शनिवार

मॅगी,

काल हरलो. तुला दुसरं कोणी सांगण्याआधी मीच सांगतो.

मिस्सानंतर हॉल भरला होता. पस्तीस माणसं. मी उभा राहिलो आणि आधी माझंच सांगितलं: सहापैकी दोन नळ पाहिले, सहा लिहिले. थोडी कुजबुज झाली. मग मी तुझं सगळं म्हणणं मांडलं, बावखलाचं, विहिरींचं. नजीबची चिठ्ठी वाचली. मागून कोणीतरी म्हणालं, "रत्नागिरीवाल्याला आपल्या गावाचं काय पडलंय?" मग जिभेचं सांगितलं. आपल्या सगळ्यांच्या जिभा इथल्या पाण्याने मेल्यात, आपण तपासनीस म्हणून नालायक आहोत. हे मात्र लोकांना झोंबलं.

पॉलकाका शांतपणे उठले. "आण त्या बाटल्या," म्हणाले. "सगळ्यांसमोर पिऊन बघू. याहून सरळ काय असतं?" ती बाटल्यांची कल्पना माझीच होती, म्हणून मला नाही म्हणता येईना. कमिटीचे नऊ जण पुढे आले. कागदी कपातून एक एक घोट. नवांपैकी सात जणांनी नळाचं पाणी गोड ठरवलं. विहिरीच्या पाण्याला एक जण म्हणाला, "हे फिकट आहे, यात काहीतरी गडबड आहे."

हॉल हसला. मी ओरडलो, हेच तर मी सांगतोय! हाच पुरावा आहे! माझा आवाज फाटला. जितका ओरडलो तितके जास्त हसले. कोपऱ्यात पॅट्रिशिया बसली होती, तिला मीच आणलं होतं. ती उठून म्हणाली, "मी त्या आळीत राहते. मला विचारा ना." कोणीतरी म्हणालं, "यल्ला, चल पोरी, चहाचं बघ." ती चहाचं बघायला गेली नाही. तिथेच उभी राहिली, शेवटपर्यंत. तिला कोणी विचारलं नाही.

योजना पास करायला एकतीस हात वर झाले. अँब्रोजने हात खाली ठेवला, दुसऱ्या हाताने धरून. खलास.

मग मी माझा डिसेंबरचा फॉर्म परत मागितला. पॉलकाका म्हणाले, "कागद मंडळाचा झाला, इलायस. कॉन्ट्रॅक्टरला कॉपी गेलीय." तेच तर मला नको होतं. आज सकाळी सुट्टीचा अर्ज दिला, ते म्हणाले, "सुट्टी डिसेंबरमध्ये." मग राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला त्यांचा इतका राग आला की दया आली नाही. पासपोर्ट कधी मिळेल, विचारलं तर म्हणाले, "बघू."

तेव्हा माझी वाट बघू नकोस. मिळाला तर तेवीस तारखेच्या आत येईन, नाही मिळाला तर मेमध्ये येईन, तोवर ट्रक येऊन गेलेले असतील. हे पत्र परवा निघणाऱ्या माणसाच्या हातात देतोय. आठवड्यात तुला मिळायला हवं.

सोबत वेगळा कागद आहे. मराठीत आणि इंग्रजीत टाइप केलाय, खाली माझी सही: 'डिसेंबर १९८३च्या तपासणी-फॉर्मवरची माझी सही मी मागे घेत आहे. मी सहापैकी दोनच नळ पाहिले. नळाचं पाणी मचूळ आहे. ते मला ओळखता आलं नाही.' अँब्रोजनेही त्याच्या फॉर्मबद्दल खाली चार ओळी लिहून सही केलीय. नजीबची चिठ्ठी जोडलीय. याच्या वीस कॉपी काढ. सरपंचाला दे, फादरना दे, पायाभरणीला येणाऱ्या मोठ्या फादरना आधी दे. धाकट्या आळीतल्या प्रत्येक घरात जा आणि कोण कुठून पाणी आणतं, किती लांबून, कोणाची पोरं नळाचं पितात, सगळं लिहून घे. ती तपासणी आम्ही करायला हवी होती. ती तू कर.

त्या तेवीसच्या सोमवारी दोन्ही आळींतल्या बाया घेऊन बावखलाच्या काठावर बसा. आईला नेऊ नकोस. म्हणजे ती ऐकणार नाहीच, तर सावलीत बसव. कॉन्ट्रॅक्टर फॉर्म काढून दाखवेल. म्हणेल, बहारीनच्या साहेबाने स्वतः येऊन, पाणी पिऊन, तपासून पास केलंय, खाली सही आहे बघा.

त्याला सांग, या साहेबाला मी ओळखते. तो माझा भाऊ आहे, आणि त्याला पाण्यातलं काही कळत नाही.

तुझा,
इलायस